नॉमिनी लावला म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, असं नाही

घर घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं असो, नौपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतीतलं असो की नेरूळच्या सिडको वसाहतीतलं, मध्यमवर्गीय कुटुंबाची जन्मभराची कमाई बहुतेक एकाच ठिकाणी असते : राहत्या फ्लॅटमध्ये. त्याच्या जोडीला थोड्या एफडी, पीएफ, एखादी एलआयसी, जमलं तर म्युच्युअल फंड आणि कोकणात किंवा देशावर सातबाऱ्यावरचं एखादं नाव. फ्लॅटबद्दल कधीतरी सोसायटीच्या ऑफिसात एक फॉर्म भरलेला असतो, त्यात बायकोचं किंवा मुलाचं नाव घातलेलं असतं. घरातल्यांना वाटतं, झालं काम. इथेच सगळ्यांत मोठा घोटाळा होतो.

नॉमिनी हा मालक नसतो. सदस्य गेल्यावर सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच ते नाव ठरवतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम 154 ब-13 नुसार कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घेतलं जातं. तो देखभाल शुल्क भरतो, सोसायटीशी पत्रव्यवहार करतो. फ्लॅट मात्र वारसांचा, किंवा मृत्युपत्रात ज्याला दिला असेल त्याचा. शेअर आणि डिबेंचरच्या नॉमिनीबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं : नामनिर्देशनानं वारसाहक्क बदलत नाही.

म्हणून नॉमिनेशन करू नये, असा अर्थ कुणी काढू नका. ते नसेल तर सोसायटीला हरकती मागवणारी नोटीस फलकावर लावावी लागते, स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, वारसांकडून हमीपत्र घ्यावं लागतं. नॉमिनी असला की निदान सोसायटीचं दार उघडं राहतं. आदर्श उपविधींतला (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतला) परिशिष्ट 14 हा नमुना तीन प्रतींत भरायचा. पहिल्या नामनिर्देशनाला शुल्क नाही, नंतर बदलायचं तर 100 रुपये. फॉर्म समितीच्या सभेपुढे जातो आणि नामनिर्देशन नोंदवहीत चढतो. गडबड होते ती इथे. फॉर्म दिला जातो, पण सही-शिक्क्याची आपली प्रत कुणी मागत नाही. पुढे समिती बदलते, कपाट बदलतं आणि पंधरा वर्षांनी तो कागद सापडत नाही. तुमची प्रत घरात नसेल, तर तुम्ही फॉर्म भरलेला नाही असंच धरून चाला आणि नव्यानं भरा. एकापेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकापुढे टक्केवारी लिहा. नॉमिनी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा, असेल तर पालकाचं नाव घाला. वीस वर्षांपूर्वी आईचं नाव लावलं असेल आणि आई आता हयात नसेल, तर ते नामनिर्देशन निकामी झालेलं आहे.

सदस्याच्या निधनानंतर नॉमिनीनं 6 महिन्यांच्या आत सोसायटीकडे अर्ज करायचा असतो. वारस किंवा नॉमिनीच्या नावावर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) चढवताना सोसायटीला हस्तांतर प्रीमियम घेता येत नाही. 25,000 रुपयांपर्यंतची ती रक्कम विक्रीच्या व्यवहारासाठी आहे. कुणी मागितली तर उपविधी दाखवा.

वारस म्हणजे नेमकं कोण?

बहुतेक घरांत चुकीचा हिशेब धरलेला असतो, म्हणून इथे आकडे मांडून दाखवतो. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी आणि सारख्या वाट्यानं येतात : बायको, मुलगे, मुली आणि आई. आईचं नाव ऐकून अनेक बायका चमकतात. वडील या वर्गात नाहीत, आई आहे.

समजा, फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि विधवा आई. चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. करारात नवरा-बायको दोघांची नावं सारख्या हिश्श्यानं असतील, तर अर्धा फ्लॅट बायकोचा आधीपासूनच आहे. उरलेल्या अर्ध्याचे चार भाग होतात, म्हणजे बायकोचे एकूण पाच अष्टमांश आणि मुलगा, मुलगी, सासूबाई यांचा प्रत्येकी एक अष्टमांश. आता पुढचं पाऊल. काही वर्षांनी सासूबाईही मृत्युपत्राशिवाय गेल्या. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. त्यांच्या एक अष्टमांशाचे तीन भाग होतात : एक दिराचा, एक नणंदेचा आणि एक गेलेल्या मुलाच्या मुलांचा. म्हणजे ज्या फ्लॅटचे हप्ते या जोडप्यानं वीस वर्षं फेडले, त्यात दीर आणि नणंद यांचा प्रत्येकी एक चोविसांश वाटा आला. सुनेचं नाव सासूच्या वारसांत येत नाही. फ्लॅट विकायचा म्हटलं की या सगळ्यांच्या सह्या लागतात. एक जण परदेशात असतो, दुसऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं, आणि भिजत घोंगडं पडतं.

बाईच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे आणि माझ्या मते तो कमावत्या स्त्रियांना सगळ्यांत कमी माहीत आहे. स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर आधी मुलं आणि नवरा. ते कुणीच नसतील, तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ता जाते नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता मूल नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पण पगारातून घेतलेल्या फ्लॅटला ती सवलत नाही. नवरा गेलेला, मूल नाही, एकटीनं नोकरी करून कोपरखैरण्यात वन बीएचके घेतला, म्हाताऱ्या आईला सांभाळते आहे : अशा बाईनं मृत्युपत्र केलं नाही, तर घर आईला न मिळता दिराला मिळू शकतं. तिनं हे लेख वाचायचं बाजूला ठेवून आधी कागद-पेन घ्यावं, इतकं हे तातडीचं आहे.

मुलींबद्दल एक वाक्य पुरे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलगी जन्मानं मुलाइतकीच हक्कदार आहे, लग्न झालेलं असो वा नसो, आणि 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रत्येक खात्याचा नियम वेगळा

आयुर्विम्यात नॉमिनीची गोष्ट थोडी निराळी आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर विमाधारकानं आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी कुणाला नॉमिनी केलं असेल, तर ती रक्कम त्यांचीच होते. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर तो पुन्हा फक्त राखणदार. ज्यांचा धंदा कर्जावर चालतो, त्यांनी नवी पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, 1874 खाली घ्यावी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचा हात त्या पैशांपर्यंत पोचत नाही. ही निवड प्रस्ताव भरतानाच करायची असते.

बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारीनं किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक हीच पद्धत. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनी मर्यादा घालून दिली आहे : व्यापारी बँकेत किमान 15 लाख आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंतचा दावा न्यायालयाच्या प्रमाणपत्राशिवाय, साध्या कागदपत्रांवर निकाली काढायचा, आणि सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत. ठाण्यात अनेक ज्येष्ठांच्या ठेवी सहकारी बँकांत असतात, म्हणून हा 5 आणि 15 चा फरक लक्षात ठेवा. ठेव विम्याचं संरक्षणही एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांचंच आहे.

जोडीच्या खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ ही सूचना आहे का, ते पासबुकात पाहा. नुसती दोन नावं असून भागत नाही. एफडीच्या पावतीवर ती वेगळी तपासावी लागते, कारण बचत खात्याची सूचना एफडीला आपोआप लागू होईलच असं नाही.

पीएफचं नामनिर्देशन यूएएन पोर्टलवर ऑनलाइन होतं. लग्नाआधी भावाचं नाव लावलं असेल, तर लग्नानंतर ते रद्द समजलं जातं, कारण पीएफ योजनेत कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्याला नॉमिनी करता येत नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर तीन वेगवेगळे लाभ असतात : पीएफची रक्कम, कुटुंब निवृत्तिवेतन आणि ठेवसंलग्न विम्याचे कमाल 7 लाख रुपये. पुष्कळ घरांत पहिली रक्कम घेतली जाते आणि तिसरी मागायची असते हेच ठाऊक नसतं. ग्रॅच्युइटीचा फॉर्म कंपनीच्या एचआरकडे वेगळा भरलेला असतो.

मृत्युपत्र : कागद साधा, पण काळजी बारीक

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, वकीलही सक्तीचा नाही. कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलेलं, हातानं वा टाइप करून, चालतं. कायद्याला हवं ते इतकंच : करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलं आणि मग त्याच्यासमोर स्वतः सह्या केल्या. हे सगळं एकाच बैठकीत उरकावं. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नाही.

साक्षीदार निवडताना लोक वयाचा विचार करत नाहीत. 72 वर्षांचे गृहस्थ शेजारच्या 75 वर्षांच्या मित्राला बोलावतात. मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ येते तेव्हा किमान एका साक्षीदाराला न्यायालयात सांगावं लागतं की ही सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी साक्षीदार हयात आणि हाताशी असला पाहिजे. म्हणून आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, इथेच राहणारा, आणि ज्याला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही असा माणूस घ्या. ज्याला घर मिळणार, त्याची बायको साक्षीदार नको. करणाऱ्याचं वय जास्त असेल किंवा आजारपण चालू असेल, तर त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा : ही व्यक्ती शुद्धीत आहे आणि स्वतःचे निर्णय घेऊ शकते. रुग्णालयातून घरी आल्यावर दोन दिवसांत केलेलं, दाखला नसलेलं मृत्युपत्र हेच पुढे भांडणाचं मूळ होतं.

सुरुवात अशी पुरते : ‘मी अमुक, वय इतकी वर्षं, राहणार इथे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे माझं शेवटचं मृत्युपत्र करत आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं मी रद्द करतो.’ मग मालमत्ता. फ्लॅटचं वर्णन भोंगळ नको. फ्लॅट क्रमांक, मजला, इमारत, सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, भाग दाखल्याचा क्रमांक, त्यावरचे पासून-पर्यंतचे शेअर क्रमांक, आणि करारनाम्याचा दस्त क्रमांक व वर्ष. ठाण्याच्या दस्तांवर ‘टनन’ने सुरू होणारा जो आकडा असतो, तोच. बँकेच्या ठेवींचे आकडे मात्र लिहू नका. एफडी मोडते, नवी होते आणि मृत्युपत्रातली पावती अस्तित्वातच राहत नाही. ‘माझ्या नावावरील सर्व बँकांतील सर्व ठेवी’ असं लिहून वाटणी टक्क्यांत सांगा. दागिने नगावार लिहा : चार पाटल्या मुलीला, मोहनमाळ सुनेला. वजनापेक्षा वर्णन उपयोगी पडतं.

दोन कलमं हमखास राहून जातात. पहिलं : ‘वर न लिहिलेली किंवा यानंतर मला मिळणारी सर्व मालमत्ता अमुकला जावी.’ हे नसेल तर विसरलेला एखादा फंड किंवा गावची जमीन पुन्हा वारसा कायद्याच्या वाटेनं जाते. दुसरं : ज्याला देतो आहोत तोच आधी गेला तर कुणाला, याचा पर्याय.

आणि एक कलम लोक आवर्जून घालतात, ते मात्र मला धोक्याचं वाटतं : ‘पत्नीनं हयातभर राहावं, नंतर घर मुलाचं.’ वाचायला प्रेमळ आहे. पण याचा अर्थ बायकोला फक्त राहण्याचा हक्क मिळतो, विकण्याचा नाही. उद्या मोठं आजारपण आलं आणि टू बीएचके विकून लहान घर घ्यायचं ठरवलं, तर तिला मुलाची सही मागावी लागते. घर उभं करण्यात जिनं जन्म घातला तिला पूर्ण मालकी द्या. ती पुढे स्वतःचं मृत्युपत्र करेल. दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र करू नका, दोन वेगळी करा.

पानांना क्रमांक द्या, प्रत्येक पानावर सही करा. खाडाखोड झाली तर तिथेही करणाऱ्यानं आणि साक्षीदारांनी सही करायची, त्यापेक्षा पान पुन्हा लिहिणं बरं. व्यवस्थापक म्हणून एकाचं नाव घाला, जो नंतर कागद घेऊन फिरेल. मूळ प्रत एकच ठेवा. ती कुठे आहे हे दोघांना तरी माहीत हवं, कारण करणाऱ्याच्या ताब्यातली मूळ प्रत त्याच्या मागे सापडली नाही, तर त्यानं ती स्वतःच नष्ट केली असं न्यायालय धरू शकतं. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये मृत्युपत्र ठेवणं ही नेहमीची चूक आहे. लॉकर उघडायलाच कागद लागतात आणि कागद लॉकरमध्ये.

नोंदणी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी 100 रुपये. दोन्ही साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं न्यायची. तिथे फोटो आणि अंगठा घेतला जातो, त्यामुळे सही खोटी असल्याचा आरोप टिकवणं कठीण होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्यासाठी वेगळा अर्ज आणि फी असते. करणारा हयात असेपर्यंत त्याची प्रत दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळेल ही भीती नको. नोंदणी झाली तरी मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, आणि नंतरचं नीट केलेलं साधं मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृताला मागे टाकतं. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करून दाखला घेण्याची, सक्ती मुंबई शहराच्या हद्दीतल्या मृत्युपत्रांना आणि मालमत्तांना होती. ठाण्यात केलेल्या, ठाण्यातल्याच फ्लॅटच्या मृत्युपत्राला ती नव्हती. सोसायटीनं प्रोबेटवर अडून बसलं तर हे लेखी मांडा.

हा सगळा भाग हिंदू कायद्याखालच्या घरांचा. मुस्लिम कुटुंबांत साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्रानं देता येत नाही, उरलेलं ठरलेल्या वाट्यांनीच जातं.

‘मृत्युपत्र कशाला, आताच बक्षीसपत्र करून टाकू’ असं मुलं सुचवतात. राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, महापालिका हद्दीतले अधिभार वेगळे, ते आधी विचारून घ्या. स्वस्त आहे म्हणून करू नका. बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी गेलं. करायचंच असेल, तर ‘मुलानं आमचा सांभाळ करावा, मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर’ असं दस्तातच लिहा. ही अट मोडली तर ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, 2007 च्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागून दस्त रद्द करवता येतो. अटच लिहिलेली नसेल तर ती वाट फार अवघड होते.

मृत्युपत्र नसेल तर

दोन प्रमाणपत्रांची नेहमी गल्लत होते. ठेवी, शेअर, रोखे यांसाठी लागतं उत्तराधिकार प्रमाणपत्र, भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली. फ्लॅट आणि जमिनीसाठी आपल्याकडे 1827 च्या मुंबई नियमावलीखाली वारस प्रमाणपत्र मिळतं. दोन्ही दिवाणी न्यायालयातून, वर्तमानपत्रात नोटीस देऊन. अर्ज करताना वकिलाला विचारा की आपल्याला नेमकं कुठलं हवं, नाहीतर एक हातात आल्यावर कळतं की दुसरं हवं होतं.

वारसांत एकमत असेल आणि एकाच्या नावावर घर करायचं असेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. मोबदला न घेता, जवळच्या नात्यात केलेल्या या दस्ताला मुद्रांक शुल्क 500 रुपये लागतं. नोटरी केलेलं हक्कसोडपत्र उपयोगाचं नाही, ते दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित घराबद्दल मुलीकडून लिहून घेतलेलं हक्कसोडपत्रही कुचकामी आहे. जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडता येत नाही. आणि भावनेच्या भरात बहिणीकडून सही घेऊ नका. तिला काय सोडते आहे ते आकड्यांत सांगा, हवं तर तिच्या वाट्याची रक्कम द्या आणि ती दस्तात लिहा. मोबदला असल्यास शुल्क वाढतं, पण नातं टिकतं.

हे काम लांबवण्याची खरी किंमत पुनर्विकासाच्या वेळी कळते. नौपाडा, पाचपाखाडी, वाशीतल्या जुन्या इमारती आता पाडल्या जात आहेत. विकासक नव्या घराचा करार सोसायटीच्या नोंदीतल्या सदस्याशी करतो. सदस्य आठ वर्षांपूर्वी गेलेला आणि वारस नोंदलेले नाहीत, तर भाड्याचा चेक कुणाच्या नावानं काढायचा, करारावर सही कुणाची, हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात, आणि घर तर रिकामं करायचं असतं.

नवी मुंबईत आणखी एक पायरी आहे. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर. त्यामुळे सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव चढलं तरी सिडकोच्या नोंदीत आणि महापालिकेच्या मालमत्ता करात ते वेगळं बदलावं लागतं. जुन्या छोट्या घरांचे कित्येक व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) झालेले आहेत आणि सिडकोकडे अजून मूळ वाटपदाराचंच नाव आहे. नुसतं कुलमुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते संपतं. मूळ वाटपदार हयात असेल तर हस्तांतर आजच रीतसर करून घ्या, नंतर त्याच्या वारसांना शोधत फिरावं लागेल. जमीन संपादित झालेल्या शेतकऱ्यांना बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांत तर मूळ खातेदाराच्या सगळ्या शाखा वारस असतात, मुलींसकट, आणि एक नाव वगळलं तरी पुढचा व्यवहार अडकतो.

ठाण्यातली पागडीची खोली मृत्युपत्रानं देता येत नाही. भाडेकरू गेल्यावर हक्क जातो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, तसं कुणी नसेल तर वारसाकडे. म्हणून तिथे भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादी यांतून कोण राहत होतं हे दिसलं पाहिजे. गावच्या जमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे 3 महिन्यांत कळवायची असते. ई-हक्क प्रणालीवरून ठाण्यात बसूनही अर्ज करता येतो, नोटिशीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. फेरफार क्रमांक लिहून ठेवा.

शेवटी नावांचं. बँकेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, करारात नवऱ्याचं नाव संक्षिप्त, पॅनवर पूर्ण, भाग दाखल्यावर टायपिंगची चूक. मृत्यूनंतर या प्रत्येक फरकाला प्रतिज्ञापत्र लागतं. जिवंतपणी फक्त अर्ज लागतो. एका रविवारी सगळे कागद टेबलावर मांडून नावाचं स्पेलिंग जुळवून पाहा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. रुग्णालयाच्या फॉर्मवर नाव लिहिताना घाईत ‘काका’, ‘अण्णा’ असं घरातलं नाव जात नाही ना, हे कुणीतरी शांत डोक्यानं पाहावं, कारण पुढचा प्रत्येक कागद त्या दाखल्यावर उभा असतो. दाखल्याच्या दहा प्रती काढा.

गेलेल्या माणसाचं एटीएम आणि यूपीआय वापरू नका, अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा नाही. पिन घरात सगळ्यांना माहीत असतो, हात सहज जातो, आणि नंतर दुसरा वारस त्याच व्यवहाराचा उतारा पुढे ठेवतो. त्या खर्चासाठी जोडीच्या खात्यात दोन-तीन महिन्यांची रक्कम कायम असावी. मोबाइलचं सिम मात्र लगेच बंद करू नका. विमा, फंड आणि पीएफच्या चौकशीचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, त्यामुळे सहा-आठ महिने त्यात रिचार्ज टाकत राहा. वारसाला आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून निधनाच्या तारखेपर्यंतचं विवरणपत्रही भरावं लागतं. त्यात परतावा निघाला तर तो जमा व्हायला वारसाचं खातं आधी पडताळून ठेवा.